घरभर एकच चार्जर: ६५ वॅटचा सी-टाइप गॅन चार्जर, बरेच महिने वापरल्यानंतर

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेला हा चार्जर आता पुण्याचा पाऊस, थंडी आणि एप्रिल-मेचा उकाडा सगळं बघून झालाय, म्हणून आता लिहितेय. चार्जरचा रिव्ह्यू पहिल्या आठवड्यात लिहून काही उपयोग नसतो, डब्यातून काढल्यावर सगळेच चांगले चालतात. ६५ वॅटचा आहे, दोन सी-टाइप पोर्ट आणि एक जुना चौकोनी यूएसबी पोर्ट, तळहातात मावतो, दोन हजारांच्या आत मिळाला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, असे चार्जर आता बऱ्याच जणांचे मिळतात आणि मला जे सांगायचंय ते त्या सगळ्यांना लागू आहे.

आम्ही कर्वेनगरला राहतो, घरात चौघं. माझा ऑफिसचा लॅपटॉप सी-टाइपवर चार्ज होतो, नवऱ्याकडे आयफोन १३ आहे म्हणजे लाइटनिंगची पिन, सासूबाईंकडे सॅमसंग, मुलगा अकरावीत आहे आणि त्याच्याकडे एका चिनी कंपनीचा ८० वॅटवाला फोन, शिवाय एक टॅब, इयरबड्स, आणि एक ट्रिमर ज्याला अजून मायक्रो-यूएसबीच लागते. म्हणजे मोठमोठ्या कंपन्यांची गेल्या वीस वर्षांतली भांडणं आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये वायरींच्या रूपात हजर आहेत. ह्या चार्जरनं त्यातली किती मिटवली आणि किती त्याच्या हाताबाहेर आहेत, मला ते लिहायचंय.

आधी कामाचं. लॅपटॉप दिवसभर मीटिंग चालू असतानाही आरामात चार्ज होतो, कंपनीनं दिलेला ओरिजिनल अडाप्टर मी आता ऑफिसलाच ठेवून दिलाय. सासूबाईंच्या फोनवर लावल्या लावल्या 'सुपर फास्ट चार्जिंग' असं येतं, नवऱ्याचा आयफोन सी-टू-लाइटनिंग केबलवर व्यवस्थित पळतो. गुरुवारी एमएसईबीचं काम निघालं की आमच्याकडे लाइट दिवसभर नसते आणि मग संध्याकाळी आली की चौघांचे फोन एकदम रांगेत, त्या वेळी ह्याची खरी परीक्षा होते आणि त्यात तो पास आहे. उन्हाळ्यात लॅपटॉप लावलेला असताना हात लावला तर चांगलाच कोमट लागतो, चटका बसत नाही. ही गॅनची कमाल, म्हणजे गॅलियम नायट्राइड. साध्या अडाप्टरमध्ये वीज चालू-बंद करायचं काम सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर करतात, गॅन तेच काम कितीतरी जास्त वेगानं करतं आणि उष्णतेत वीज कमी घालवतं, वेग वाढला की आतला ट्रान्सफॉर्मर लहान करता येतो, म्हणून एवढ्याशा ठोकळ्यात ६५ वॅट बसतात. ज्या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा ह्यांना २०१४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं तो ह्याच गॅलियम नायट्राइडचा होता. घरातले पांढरे एलईडी बल्ब त्याच शोधातून आले, आणि आता चार्जरही त्याच पदार्थाचा. मला ह्या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं.

आता त्रास होतो ते. एकच वस्तू लावली तर पूर्ण ६५ वॅट, पण दुसरी लावली की तो ४५ आणि २० अशी वाटणी करतो, आणि ती वाटणी करताना एक-दोन सेकंद दोन्हीकडचं चार्जिंग तुटतं. फोनचं काही बिघडत नाही, पण लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर वगैरे लावलेला असेल तर सगळं लुकलुकतं, मीटिंगमध्ये असताना कोणी येऊन इयरबड्स लावले की कळतंच. दुसरं म्हणजे वजन. आमची बिल्डिंग जुनी, सॉकेट ढिले झालेत, हा ठोकळा लहान असला तरी वजनदार आहे आणि खाली लोंबतो, वरून दोन केबल्सचा भार. शेवटी इलेक्ट्रिशियनला बोलवून हॉलमधला बोर्ड बदलून घेतला, त्यानंतर प्रश्न नाही. तुमचे सॉकेट जुने असतील तर एक मीटरची छोटी एक्स्टेंशन घ्या, पण चांगली घ्या.

प्रवासात मात्र ह्यानं जीव वाचवला. मुंबईला माहेरी जाताना पूर्वी चार्जरची वेगळी पिशवी असायची, प्रत्येकाचा ठोकळा वेगळा, आणि त्यातला एक हमखास तिकडेच राहायचा. आता एक चार्जर, दोन सी-टाइप केबल आणि एक लाइटनिंगची, संपलं.

पण मी हे सगळं एवढं लांबण लावून का लिहितेय, तर हा चार्जर आल्यावर मी टीव्हीखालचा ड्रॉवर उपसला. नोकियाचा जाड पिनवाला, नोकियाचाच बारीक पिनवाला, सोनी एरिक्सनची ती रुंद चपटी पिन, मिनी-यूएसबी, मायक्रो-यूएसबी, आयपॉडची ३० पिनची पांढरी पट्टी, लाइटनिंग, एक लाल केबल. तुम्हाला आठवत असेल, लग्नकार्याला गेलं की पहिला प्रश्न असायचा 'कोणाकडे बारीक पिनचा चार्जर आहे का', आणि शंभर माणसांत एकाकडे सापडायचा तोपर्यंत फोन बंद. हे तंत्रज्ञानाच्या अडचणीमुळे होत नव्हतं हो. फोनच्या बॅटऱ्या साधारण सारख्याच, लागणारा व्होल्टेज साधारण सारखाच, फरक फक्त भोकाच्या आकारात. ज्याचा त्याचा चार्जर वेगळा असला की दुसरा घ्यायलाही गिऱ्हाईक त्यालाच पैसे देणार आणि सगळ्या ॲक्सेसरीज जमवल्या की पुढचा फोनही त्याचाच घेणार, एवढं साधं गणित. युरोपियन कमिशनच्या म्हणण्याप्रमाणे २००९ साली बाजारात ३० प्रकारचे चार्जर होते.

त्याच वर्षी जूनमध्ये कमिशननं दहा कंपन्यांना एकत्र बसवलं, नोकिया, सॅमसंग, ॲपल, मोटोरोला, एलजी, सोनी एरिक्सन वगैरे, आणि त्यांनी स्वखुशीनं मायक्रो-यूएसबी मान्य केलं. स्वखुशीच्या करारात पळवाट असतेच, वेगळा अडाप्टर जोडून चालत असेल तरी चालेल अशी सोय होती, ॲपलनं तीच वापरली. २०१२ मध्ये आयफोन ५ बरोबर लाइटनिंग आलं, ८ पिनांचं, उलटं-सुलटं कसंही लावा. आणि हे मान्य करायलाच पाहिजे की त्या वेळच्या मायक्रो-यूएसबीपेक्षा ते कितीतरी चांगलं होतं, मायक्रो-यूएसबी अंधारात लावताना किती पोर्ट वाकवले लोकांनी. पण केबल बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीला ॲपलचं एमएफआय (मेड फॉर आयफोन) लायसन्स आणि त्यांची चिप घ्यावी लागायची. सी-टाइपचं स्पेसिफिकेशन ऑगस्ट २०१४ मध्ये आलं, तेही उलटं-सुलटं लागणारं, आणि मार्च २०१५ ला ॲपलनंच एक मॅकबुक काढलं ज्याला चार्जिंगसाठी फक्त एक सी-टाइप पोर्ट होता! २०१८ ला आयपॅड प्रो सी-टाइपवर गेला. म्हणजे सी-टाइप चांगलं आहे हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळलेलं होतं, फक्त आयफोनवर लाइटनिंग ठेवायचं होतं, आणि युरोपनं कायद्याची भाषा सुरू केल्यावर म्हणाले की ह्यानं नवीन संशोधनाला खीळ बसेल.

तो कायदा ४ ऑक्टोबर २०२२ ला युरोपियन पार्लमेंटमध्ये ६०२ विरुद्ध १३ मतांनी पास झाला. फोन, टॅब, कॅमेरे, हेडफोन वगैरेंना २८ डिसेंबर २०२४ पासून सी-टाइप सक्तीचं, लॅपटॉपना २८ एप्रिल २०२६ पासून. सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ सी-टाइप घेऊन आला. कंपन्यांनी आपापसात ठरवून जे इतक्या वर्षांत केलं नाही ते एका मतदानानं झालं, आणि ते भारतातल्या फोनलाही आपोआप लागू पडलं कारण दोन प्रकारचे फोन बनवत बसणं कोणाला परवडत नाही. आपल्याकडेही बीआयएसनं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोनं, जानेवारी २०२३ मध्ये सी-टाइपसाठी भारतीय मानक जाहीर केलंय. मला कोणी विचारलं की बाजाराला मोकळं सोडावं का, तर मी हा ड्रॉवर दाखवेन. स्पर्धा कॅमेऱ्यात करा, बॅटरीत करा, किमतीत करा, भिंतीतून येणारी वीज फोनमध्ये कशी शिरते ह्यात गिऱ्हाइकाला अडकवू नका.

आता खरी मेख. भोक एकच झालं, पण भांडण आत शिरलं. आमच्याकडे ह्याचा सगळ्यात जास्त त्रास मुलाच्या फोनला होतो. त्याच्या डब्यात आलेल्या ८० वॅटच्या अडाप्टरवर तो फोन बघता बघता भरतो, आणि ह्या माझ्या ६५ वॅटच्या, त्याच सी-टाइप पिनच्या चार्जरवर वेळ दुपटीहून जास्त. पिन तीच, केबल बसते, वॅटही भरपूर, मग का? तर ह्याचं कारण बोलीभाषेत आहे, फोन आणि चार्जर एकमेकांशी जे बोलतात त्या.

सी-टाइपमध्ये यूएसबी पॉवर डिलिव्हरी म्हणजे पीडी नावाची पद्धत आहे. लग्नाच्या बैठकीत जशा आधी याद्या होतात तसं इथे आधी बोलणं होतं, चार्जर म्हणतो माझ्याकडे ५, ९, १५, २० व्होल्ट आहेत, इतका करंट देऊ शकतो, फोन त्यातलं काय हवं ते सांगतो आणि मगच वीज वाढते. हे सगळं खुलं आहे, कोणीही वाचून बनवू शकतं. २० व्होल्ट आणि ५ अँपिअरवर १०० वॅटपर्यंत जातं, २०२१ च्या सुधारणेनंतर ४८ व्होल्टवर २४० वॅटपर्यंत. पण पीडीवर एकमत होण्याआधी प्रत्येकानं आपापला रस्ता धरला होता. फोनच्या चिप बनवणाऱ्या क्वालकॉमचं क्विक चार्ज व्होल्टेज वाढवायचं, ९, १२ असं. ओप्पोनं २०१४ ला वूक नावाचं फास्ट चार्जिंग आणलं, त्यांनी उलट केलं, व्होल्टेज पाचच्या आसपास ठेवलं आणि करंट वाढवला, त्यासाठी जाड केबल आणि वेगळा अडाप्टर. इंजिनिअरिंग म्हणून ते खरंच हुशारीचं होतं, कारण व्होल्टेज कमी करायचं काम फोनच्या आत न होता बाहेर अडाप्टरमध्ये होतं आणि फोन थंड राहतो, गेम खेळतानासुद्धा. वनप्लसनं २०१६ मध्ये तेच तंत्र डॅश चार्ज म्हणून घेतलं, ड्रॉवरमधली लाल केबल त्यातलीच.

पण त्या पद्धतीचा फायदा घ्यायचा तर अडाप्टरही त्यांचा आणि केबलही त्यांची. डब्यात चार्जर मिळतो तोपर्यंत ठीक, तो गावाला राहिला किंवा बिघडला की परत तोच शोधत फिरा. आणि आता ह्याला कारणही उरलेलं नाही, कारण पीडीमध्येच २०१७ पासून पीपीएस नावाची सोय आहे, ज्यात फोन चार्जरकडून २० मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी व्होल्टेज मागून घेऊ शकतो, म्हणजे फोन थंड ठेवायचं तेच काम खुल्या पद्धतीतही होतं. सॅमसंगचं २५ आणि ४५ वॅटचं चार्जिंग पीपीएसवरच चालतं, म्हणून सासूबाईंचा फोन ह्या परक्या चार्जरवरही पूर्ण वेगानं पळतो. एकाच घरात, एकाच चार्जरवर आजीचा फोन भराभर आणि नातवाचा महागडा फोन रेंगाळत, ह्याहून चांगलं उदाहरण मला सापडणार नाही. पूर्वी पिन वेगळी दिसायची तेव्हा निदान दुकानात उभं राहून कळायचं की हे आपल्याला बसणार नाही, आता सगळं सारखं दिसतं आणि घरी आल्यावर कळतं.

डब्यातून चार्जर काढून टाकायच्या बाबतीत बऱ्याच लोकांचा अजून राग आहे. ऑक्टोबर २०२० ला आयफोन १२ बरोबर ॲपलनं अडाप्टर देणं बंद केलं, सॅमसंगनं फेसबुकवर आपल्या डब्यात चार्जर असतो अशी पोस्ट टाकून चिमटा काढला, आणि जानेवारी २०२१ ला गॅलेक्सी एस२१ चा डबाही चार्जरविना आला, ती पोस्टही गायब. हेडफोनच्या ३.५ एमएमच्या जॅकचं तेच झालं, २०१६ ला आयफोन ७ नं काढला, चेष्टा झाली, २०१९ च्या नोट १० मध्ये सॅमसंगनंही काढला. ब्राझीलनं तर सप्टेंबर २०२२ मध्ये चार्जर नसलेल्या आयफोनच्या विक्रीवर बंदी घातली. माझं मत थोडं वेगळं आहे. चार्जर न देणं मला पटतं, युरोपचाच अंदाज आहे की तिकडे दरवर्षी ११,००० टन नको असलेले चार्जर कचऱ्यात जातात, आपला आकडा काय असेल विचार करा. पण मग अट ही की फोन कुठल्याही चांगल्या चार्जरवर पूर्ण वेगानं चालला पाहिजे. चार्जर देणार नाही आणि खुली पद्धतही धड पाळणार नाही, हे दोन्ही एकदम चालणार नाही.

ह्या सगळ्यात ज्यांनी खरी वाट दाखवली त्यांचं नाव घ्यायलाच हवं. यूएसबी नव्वदच्या दशकात इंटेलमध्ये ज्यांच्या पुढाकारानं झालं ते अजय भट्ट, बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीचे विद्यार्थी. १९९६ ला पहिलं स्पेसिफिकेशन आलं, त्यात इंटेलबरोबर मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक अशा कंपन्या होत्या, आणि इंटेलनं त्यावर रॉयल्टी ठेवली नाही. त्याच काळात ॲपलची फायरवायर नावाची जोडणीची पद्धत होती, यूएसबीपेक्षा कितीतरी वेगवान, पण १९९९ ला त्यासाठी पोर्टमागे १ डॉलर मागितला गेला, पुढे तो २५ सेंटवर आणला तरी तोपर्यंत लोकांचं मन उडालं होतं. आज फायरवायर कुठे आहे आणि यूएसबी कुठे आहे बघा. आणि गंमत म्हणजे हा धडा ॲपलनंही नंतर घेतलाय, मॅगसेफची, म्हणजे फोनच्या पाठीला चुंबकानं चिकटणाऱ्या चार्जरची पद्धत त्यांनी वायरलेस चार्जिंगच्या क्यूआय२ ह्या सगळ्यांसाठीच्या मानकासाठी खुली करून दिली, जानेवारी २०२३ मध्ये ते जाहीर झालं. शत्रू कंपन्या एका टेबलावर बसू शकतात, बसतातही, आपण गिऱ्हाइकांनी आणि सरकारनं तेवढा रेटा लावायला पाहिजे.

केबलबद्दल थोडं, कारण चार्जर चांगला असून केबल भिकार असेल तर सगळं पाण्यात. ६० वॅटच्या वर न्यायचं तर ५ अँपिअरची केबल लागते आणि तिच्यात एक छोटी ई-मार्कर चिप असते, ती नसेल तर चार्जर ३ अँपिअरवरच थांबतो. माझ्या लॅपटॉपसाठी मी १०० वॅटची केबल घेतली, फोनला साधी ६० वॅटची पुरते. स्वस्तातल्या केबलनं नुसतं हळू चार्ज होतं असं नाही, वस्तू जळू शकते. गूगलचा इंजिनिअर बेन्सन लिउंग ऑनलाइन मिळणाऱ्या सी-टाइप केबल स्वतः विकत घेऊन तपासायचा, फेब्रुवारी २०१६ मध्ये एका चुकीच्या जोडणीच्या केबलनं त्याचा लॅपटॉपच गेला. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, मी बऱ्याच वर्षांपासून जाते, तिथे चांगला मालही मिळतो आणि हुबेहूब नकलीही मिळतो, आणि दुकानदार 'मॅडम सगळं सेमच आहे' म्हणतो, पण सेम नसतं. अडाप्टरवर बीआयएसचं चिन्ह आणि आर- नं सुरू होणारा रजिस्ट्रेशन नंबर आहे का बघा, नसेल तर कितीही स्वस्त असो, ठेवून द्या. मागच्या बाजूला बारीक अक्षरात आउटपुट लिहिलेलं असतं तेही वाचा, तिथे पीपीएस असं लिहून ३.३ ते ११ किंवा ३.३ ते २१ व्होल्ट अशी रेंज दिलेली असेल तर सॅमसंगवाल्यांनी डोळे झाकून घ्या, नुसतं 'फास्ट चार्जिंग' असं मोठ्या अक्षरात छापलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही.

कोणी घ्यावा? घरात दोन-तीन सी-टाइप वस्तू आणि एक साधा ऑफिसचा लॅपटॉप असेल तर नक्की घ्या, पैसे वसूल आहेत. गेमिंग लॅपटॉप असेल तर हा पुरणार नाही, त्याला १०० वॅट किंवा त्याहून मोठा लागेल, तेही तो लॅपटॉप सी-टाइपवर चार्ज होत असेल तरच. घरात सगळ्यांचे फोन एकाच कंपनीच्या खासगी फास्ट चार्जिंगचे असतील तर आत्ता घाई करू नका, डब्यातला चार्जर जपून वापरा. आणि लहान मुलं असतील तर तीन वस्तू लावून ठोकळा जमिनीजवळच्या सॉकेटला लोंबत ठेवू नका.

मुलाचा फोन दिवाळीत बदलायचाय. त्याची यादी तयार आहे, कॅमेरा, रिफ्रेश रेट, प्रोसेसर, सगळं तुलना करून ठेवलंय. मी त्याला एकच कॉलम वाढवायला सांगितलाय, पीडी-पीपीएसवर किती वॅट घेतो, आणि कंपनीच्या वेबसाइटवर ते लिहिलेलं नसेल तर तो फोन यादीतून बाद. आत्तापर्यंत अर्धी यादी गेलीय, तो जरा नाराज आहे, पण शोधतोय.